हंगामाची पहिली उडी



दसरा झाला की आमच्या घरात माळ्यावरून दोन गोष्टी खाली येतात. एक म्हणजे फराळाचे मोठे डबे आणि दुसरी माझी निळी प्लॅस्टिकची पेटी. डबे काढताना आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा प्रसन्न असतो, पेटी काढताना तो तसा राहत नाही. त्या पेटीत पोहण्याचा जादा चष्मा असतो, रबरी टोपी असते, छातीवरचा नंबर अडकवायचा इलास्टिकचा पट्टा असतो, बुटात टाकायची टाल्कम पावडर असते आणि पायाला लागू नये म्हणून लावायच्या व्हॅसलिनची डबी असते. या सगळ्या वस्तू फक्त शर्यतीच्या दिवशी लागतात. पेटी खाली आली याचा अर्थ ट्रायथलॉनचा हंगाम सुरू झाला.

मी सांगलीचा. एका शाळेत गणित शिकवतो. वय 51. वजनाचा आकडा नभोवाणीवर सांगण्यासारखा नाही. माझ्यासारखा माणूस या खेळात कसा पडला, हे सांगत बसलो तर वेळ त्यातच जाईल. शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं नाव घालायला लावलं, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यानं स्वतः दुसऱ्या वर्षी खेळ सोडला, मी मात्र अडकलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, पाण्यातून निघून ओल्या अंगानं सायकल हाणायची आणि सायकल जागेवर लावून लगेच धावायला सुटायचं. मध्ये विश्रांती नाही. बूट घालायला, हेल्मेट चढवायला जो वेळ जातो तोसुद्धा तुमच्याच नावावर मांडला जातो. 2000 साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं असं अंतर होतं. वैयक्तिक स्पर्धेला आजही तेच आहे. मीही याच अंतराला उतरतो. याहून पुष्कळ मोठं अंतर म्हणजे आयर्नमॅन. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर आख्खी मॅरेथॉन. मिलिंद सोमण यांनी 2015 साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला ती पुरी केली, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पुढे 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा झाली आणि आमच्या भागातले डॉक्टर, वकील, इंजिनियर, दुकानदार सायकली गाडीवर लादून आंबोलीचा घाट उतरू लागले. मी अजून तिकडे गेलेलो नाही. माझं आपलं कोल्हापूर.

आपल्याकडे या खेळाचा हंगाम पावसावर ठरतो. युरोपात उन्हाळा आला की तलाव गरम होतात आणि स्पर्धा सुरू होतात. आपलं उलट. पाऊस ओसरला, नद्या पात्रात गेल्या, रस्त्यावरचे खड्डे निदान दिसायला लागले की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आमचा मोसम. त्यात पहिली स्पर्धा सगळ्यांत वाईट. ती ऑक्टोबरात येते आणि ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चार महिने ढगाखाली व्यायाम केलेला असतो. शरीराला उन्हात काम करायची सवय लागायला दहा-पंधरा दिवस तरी द्यावे लागतात, तेवढे दिवस मिळालेले नसतात. पावसाळ्यात सायकल घरात स्टँडवर चढवून चालवलेली असते. समोर टीव्ही, डोक्यावर पंखा, खाली घामासाठी जुनं बेडशीट. तिथं वारा नसतो, चढ नसतो, मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर नसतो. त्यामुळे माणसाला वाटतं, आपली तयारी उत्तम झाली आहे. हा गैरसमज पहिल्याच स्पर्धेत दूर होतो.

पण मला आज सायकलीबद्दल आणि उन्हाबद्दल फारसं बोलायचं नाही. पाण्याबद्दल बोलायचं आहे.

सांगलीच्या माणसाचं पाण्याशी नातं जरा विचित्र असतं. मी कृष्णेत पोहायला शिकलो. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. रात्रीची गाडी करून पहाटे घरी आले की न झोपता मला घाटावर न्यायचे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. मी हातपाय झाडायला लागलो की वरून ओरडायचे, "आरं, पाण्याला मारतोस कशाला? त्याला मागं ढकल!" आठ दिवसांत भोपळा सुटला. दहावी-अकरावीत असताना आम्ही पोरं नदी आरपार करायचो आणि त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटायचं नाही. आणि हीच नदी 2005 साली घरात आली, 2019 साली पुन्हा आली. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आम्ही बोटीत उतरलो. तेव्हापासून मी नदीत पोहलो नाही. मुद्दाम ठरवलं असं नाही, पण पाय वळला नाही. पोहणं सुरू राहिलं ते तलावात, म्हणजे आपल्या पोहण्याच्या टँकमध्ये. निळ्या फरशीच्या, तळाशी काळी रेघ असलेल्या.

ही काळी रेघ माणसाला फसवते. टँकमध्ये पोहताना तुम्ही त्या रेघेवरून चाललेले असता, दर 25 मीटरला भिंत येते, भिंतीला हात लागतो, पाय रोवून ढकलता येतं, वाटलं तर उभं राहता येतं. म्हणजे एक किलोमीटर पोहलो असं आपण म्हणतो तेव्हा चाळीस वेळा भिंतीचा आधार घेतलेला असतो. उघड्या पाण्यात रेघ नाही, भिंत नाही, तळ दिसत नाही. पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे पाणी गढूळ. स्वतःचा पुढे टाकलेला हातसुद्धा मनगटाच्या पुढे दिसत नाही. दिशा बघायला डोकं वर काढावं लागतं, डोकं वर काढलं की पाय खाली जातात आणि दम दुप्पट लागतो.

गेल्या वर्षी कोल्हापूरला राजाराम तलावात मला या सगळ्याचा एकदम प्रत्यय आला. हंगामाची पहिलीच स्पर्धा होती. त्याआधीच्या दोन वर्षांत मी अर्ध्या अंतराच्या, 750 मीटर पोहण्याच्या स्पर्धा केल्या होत्या, तेव्हा दीड किलोमीटर म्हणजे त्याची दुप्पट, असा गणिताच्या मास्तराचा हिशेब. आदल्या दिवशी सूचना सांगायला सगळ्या स्पर्धकांना बोलावतात. मी तिथं हजर होतो, पण मागं उभा राहून जुन्या ओळखीच्यांबरोबर फोटो काढत होतो. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजली.

सुरुवातीलाच दोघातिघांचे हात माझ्या पाठीवर पडले, एकाची टाच चष्म्यावर बसली. चष्म्यात पाणी शिरलं. साधारण चारशे मीटरवर मला वाटलं की श्वास आत येत नाही. मी जास्त जोरात श्वास घ्यायला लागलो, तर आणखीच कमी यायला लागला. छाती आवळल्यासारखी झाली. काठ सगळीकडून सारखाच लांब दिसत होता. पोहायला येत नाही म्हणून नव्हे, पोहायला येत असताना माणूस कसा घाबरतो ते मला त्या दिवशी कळलं. जवळच एक कयाक होती, म्हणजे वल्हवायची लांबट छोटी होडी. तिच्यावरचा पोरगा मला काहीतरी ओरडून सांगत होता. मला वाटलं, हिला हात लावला की आपण बाद. म्हणून मी तिच्याकडे गेलो नाही, उलट तिच्यापासून लांब जायचा प्रयत्न केला. शेवटी हात वर केला. मोटरबोट आली, दोघांनी काखेत धरून मला वर ओढलं आणि काठावर आणून सोडलं. पायाची टाइमिंग चिप तिथंच काढून घेतली.

काठावर अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. माझी ही तिसरी स्पर्धा होती आणि ते पहिल्यांदाच बघायला आले होते. वय 78. त्यांनी मला बोटीतून उतरताना पाहिलं. जवळ आले, टॉवेल दिला, काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत हातकणंगल्यापर्यंत कुणी बोललं नाही. जयसिंगपूरला चहाला थांबलो. अण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "हात वर केलास ते बरं केलंस." आणि चहा प्यायले. पुढं तो विषय त्यांनी कधीच काढला नाही.

घरी आल्यावर मी नियमांचं पुस्तक वाचलं. मुलांना मी रोज सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा. मी स्वतः परीक्षा झाल्यावर वाचत होतो. तर नियम असा आहे की पोहताना दमलात, घाबरलात तर तुम्ही कयाकला धरू शकता, तरंगत्या खुणेच्या फुग्याला धरू शकता, दम खाऊ शकता. अट एवढीच की त्याच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. दम खाऊन झाला की जिथं होता तिथून पुढं पोहायचं. मोटरबोटीत चढलात तर स्पर्धा संपली. कयाकला धरलंत तर संपत नाही. तो पोरगा मला तेच ओरडून सांगत होता.

हा नियम वाचून मला आधी स्वतःचा राग आला. मग वाटलं, या खेळाचे नियम करणाऱ्यांना माणूस चांगला कळलेला दिसतो. आणि त्याला इतिहासही आहे. ट्रायथलॉन या नावानं झालेली पहिली आधुनिक स्पर्धा 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथं झाली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहान या दोघांची ती कल्पना. 46 जण उतरले होते. गंमत म्हणजे तिथं आधी धावणं होतं, मग सायकल आणि पोहणं शेवटी. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी ती ठेवलेली. शेवटचे लोक पाण्यात असताना अंधार पडला, तेव्हा गाड्या काठावर आणून त्यांच्या दिव्यांच्या उजेडात माणसं बाहेर घ्यावी लागली. दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात घालणं किती धोक्याचं, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ नको. आज जगात सगळीकडे पोहणं पहिलं असतं, माणूस ताजा असताना.

त्या 46 जणांत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी होता. त्यानंच पुढं 1978 च्या फेब्रुवारीत हवाईत पहिली आयर्नमॅन भरवली. 15 जण सुरू झाले, 12 जण पोहोचले. गॉर्डन हॅलर पहिला आला. दुसरा आला तो जॉन डनबार. त्याच्या मदतनीसांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. कोल्हापूरच्या स्पर्धेत असं काही होत नाही. तिथं केळी, मीठ लावलेली संत्र्याची फोड आणि शेंगदाण्याची चिक्की मिळते.

असो. वर्षभर मी काय केलं ते सांगतो. आमच्या टँकवर पोहायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला श्वास घेता येतो, सोडता येत नाही." म्हणजे असं की घाबरलेला माणूस श्वास नुसता आत घेत राहतो. आतली हवा बाहेर पडली नाही तर नवी यायला जागाच राहत नाही आणि मग गुदमरल्यासारखं वाटतं. इलाज सोपा आहे पण कंटाळवाणा आहे. तोंड पाण्यात, आणि शेवटच्या बुडबुड्यापर्यंत हवा सोडायची. महिनाभर मी टँकच्या कडेला धरून लहान मुलांच्या रांगेत बुडबुडे सोडत होतो. माझ्या शेजारी आमच्याच शाळेतला पाचवीचा एक विद्यार्थी होता. त्यानं दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी दिली.

मग मॅडमनी एकाच पट्ट्यात आम्हा चौघांना एकदम सोडायला सुरुवात केली. एकमेकांना हात लागू दे, पाय लागू दे. मग डोळे मिटून दहा हात मारायचे. मग पोहता पोहता मध्येच थांबायचं, उताणं व्हायचं, आभाळ बघायचं, वीस श्वास मोजायचे आणि पुन्हा पालथं होऊन निघायचं. थांबण्याचा सराव करावा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं. आपण सगळा सराव न थांबण्याचा करतो.

पावसाळा संपता संपता मिरजेजवळ एका मित्राच्या शेतातल्या विहिरीवर जायला लागलो. जुनी बांधीव विहीर, पाऊस झाल्यानं वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. मी गोल गोल पोहायचो आणि तो काठावर दोर घेऊन बसायचा, शेजारी फुगवलेली ट्यूब. एकट्यानं कधीही उतरायचं नाही हा आमचा करार होता, आणि ऐकणाऱ्यांतल्या कुणाच्या मनात येत असेल तर त्यांनाही माझी तीच विनंती आहे. विहिरीचं पाणी काळं. तळ नाही, रेघ नाही. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांतच बाहेर आलो. महिन्याभरात चाळीस फेऱ्या व्हायला लागल्या. मित्र मोजता मोजता झोपायचा, हा भाग निराळा.

मग यंदाची स्पर्धा आली. त्याच तलावात. अण्णांना मी या खेपेला बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी बॅग भरत होतो तर ते स्वेटर घालून बाहेर येऊन बसले. म्हणाले, "किती वाजता सुटायची?" एसटीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी प्रत्येक गोष्ट सुटते, लागते किंवा रद्द होते.

कोल्हापूरला मुक्काम म्हटल्यावर पांढरा रस्सा समोर आला की जीव खालीवर होतो. पण शर्यतीच्या आदल्या रात्री मऊ भात, वरण आणि बटाट्याची भाजी. अण्णांनी मात्र माझ्यासमोर बसून दोन वाट्या तांबडा रस्सा घेतला. सूचना सांगायच्या बैठकीत मी या वेळी पहिल्या रांगेत बसलो होतो. शेवटी कुणाला काही शंका आहे का विचारलं, तेव्हा हात वर केला आणि कयाकला धरलं तर चालतं ना, हे सगळ्यांसमोर विचारून घेतलं. दोन-तीन तरुण पोरं हसली. मागून एका मध्यमवयीन बाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत."

पहाटे पाचला तलावावर. अंधारात सायकल जागेवर टांगली. शेजारी एक छोटा टॉवेल अंथरला, त्यावर बूट उघडे करून, हेल्मेटचे पट्टे मोकळे सोडून उलटं ठेवलं. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, असा इथला कडक नियम आहे, म्हणून ते सगळ्यांत वर. दंडावर मार्करनं नंबर लिहून घेतला. डाव्या पायाला चिप बांधली. विद्यापीठाच्या बाजूला उजाडायला लागलं. पाण्यावर पातळ धुकं होतं. माझ्या आजूबाजूला सगळे जोरजोरात बोलत होते. घाबरलेली माणसं एक तर फार बोलतात किंवा सारखी लघवीला जातात. मी दोन्ही करत होतो.

आम्हाला वयाप्रमाणे गटागटानं सोडतात. मी माझ्या गटात सगळ्यांत मागं आणि कडेला उभा राहिलो. भोंगा झाला. सगळे पुढं जाऊ दिले, दहा आकडे मोजले आणि पाण्यात शिरलो. वरचा थर कोमट, गुडघ्याखाली गार. तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे सोडले.

पहिले तीनशे मीटर इतके चांगले गेले की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. मग दुसऱ्या फुग्याला वळसा घालताना मागच्या गटातली वेगवान पोरं आमच्यात घुसली. एकाचा हात माझ्या डोक्यावर पडला, मी खाली गेलो, नाकातोंडात पाणी गेलं. आणि तेच सगळं परत आलं. तोच आवळलेपणा, तोच सगळीकडून सारखा लांब असलेला काठ. वर्षभराची तयारी, विहिरीच्या चाळीस फेऱ्या, कशाचाही उपयोग झाला नाही. म्हणजे भीती आलीच नाही असं झालं नाही. ती अगदी वेळेवर आली.

फरक इतकाच की या वेळी मी कयाक शोधली. हात वर केला, ती आली. वर विशीतला एक सडपातळ पोरगा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मी म्हणालो, "धरू का?" तर म्हणाला, "धरा की काका! चालतंय. पुढच्या टोकाला धरा, मधी नको, उलटंल." मी धरलं. त्यानं वल्हं आडवं टाकलं आणि गप्प बसून राहिला. घाबरू नका, हिंमत धरा, तुम्ही करू शकता, असलं एक अक्षर बोलला नाही, याबद्दल मी त्याचा फार आभारी आहे. मी गाल कयाकला टेकवून श्वास सोडत होतो. सोडणं मोजत होतो, घेणं नाही. बारापर्यंत आलो तेव्हा छाती सैल झाली. वीसपर्यंत मला तलावाच्या काठावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली. तिसावर मी म्हणालो, "निघतो." तो म्हणाला, "सावकाश जावा."

दुसऱ्या फेरीत पुन्हा एकदा, फक्त पाच-सहा श्वासांपुरता, एका फुग्याला धरलं. दीड किलोमीटरला मला 54 मिनिटं लागली. पोहण्याची मुदत 60 मिनिटांची होती. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा पाय चिखलात घसरला आणि मी दोन्ही गुडघ्यांवर बसलो. लोकांना वाटलं, तलावाला नमस्कार करतोय. काहींनी टाळ्या वाजवल्या.

सायकलीबद्दल एवढंच सांगतो की कागलच्या दिशेनं जाताना वारा तोंडावर होता, आणि परत येतानाही तो तोंडावरच होता. हे कसं होतं याचं उत्तर माझ्या गणितात नाही. गोकुळ शिरगावच्या बाजूला फौंड्रीच्या तापल्या वाळूचा वास येत होता. एका वळणावर उसाची मोळी डोक्यावर घेतलेल्या आजीबाईंनी थांबून विचारलं, "कुठनं आलासा? आणि कशापायी?" उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि होतं असंही नाही. अर्ध्या वाटेवर पायात गोळे यायला लागले. मीठ-साखरेचं पाणी पोटात ओतत राहिलो.

सायकलीवरून उतरून धावायला लागलं की पहिला किलोमीटर पाय आपले नसतात. कुणीतरी गुडघ्याखाली पाटे बांधलेत असं वाटतं. तोपर्यंत साडेनऊ वाजून गेले होते आणि ऊन डोक्यावर. शेवटचे चार किलोमीटर मी सावलीत पळालो आणि उन्हात चाललो. सावली फारशी नव्हती. त्या बैठकीतल्या मध्यमवयीन बाई मला सातव्या किलोमीटरला मागून येऊन भेटल्या. "धरलं का?" म्हणाल्या. मी म्हणालो, "धरलं. तुम्ही?" त्या म्हणाल्या, "दोनदा." आणि पुढं निघून गेल्या. त्या माझ्या आधी सहा मिनिटं पोहोचल्या.

मी 4 तास 3 मिनिटांनी पोहोचलो. साडेचार तासांची मुदत होती. गळ्यात पदक घातलं, हातात केळं दिलं. अण्णा तशाच एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, या वेळी झाडाखाली. त्यांनी घड्याळात बघितलं. "लेट हाय," म्हणाले. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, तळहाताला मीठ लागलं ते धोतराला पुसलं. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या होडीवाल्या पोराला भेटलास का?"

त्यांनी काठावरून बघितलं होतं. तेवढ्या लांबून त्यांना मी ओळखू आलो कसा, कोण जाणे. सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "तू अजून पाण्याला मारतोस."

मी लंगडत उतारावरून खाली गेलो. पोरं कयाका टेंपोत चढवत होती. डोक्याला पंचा असलेला तो एका उलट्या कयाकवर बसून वडापाव खात होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाळा, सकाळी तू मला आधार दिलास. दुसऱ्या फुग्यापाशी. आठवतंय का?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. आठवण्याचा मनापासून प्रयत्न केला. मग म्हणाला, "काका, खरं सांगू का? न्हाई आठवत. आज माझ्याच होडीला अकरा जणांनी धरलं." आणि सरकून मला कयाकवर बसायला जागा करून दिली.